गवा खाली उतरला, की ऊस वर चढला?

प्रश्न राधानगरी तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याचा आहे. त्यांचे आजोबा डोंगरकडेच्या रानात नाचणी आणि वरी करायचे. आता तिथं ऊस आहे, आणि गेली 3 वर्षं लागण गुडघ्याला आली की रात्री गव्यांचा कळप उतरतो. ते विचारतात: गवे वाढले म्हणून हे होतंय, की जंगल कमी झालं म्हणून? आणि जंगलाच्या हद्दीला लागून त्यांची 3 एकर पड आहे. तिच्यात ऊस करावा, काजू लावावा, की ती तशीच ठेवावी?

मी 31 वर्षं जंगलात नोकरी केली, त्यातली बरीचशी याच पट्ट्यात. पहिल्या प्रश्नाची दोन उत्तरं मी आयुष्यभर ऐकत आलोय. पारावरचा माणूस म्हणतो, "गवं लई झाल्यात." शहरातून कॅमेरा गळ्यात घालून आलेला म्हणतो, "माणसानं जंगल संपवलं." दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे, पण तेवढ्यानं तुमच्या उसातला गवा काही हलत नाही.

नकाशा बघितला तर राधानगरीचं जंगल आटलेलं नाही. शाहू महाराजांच्या काळात दाजीपूरचं रान शिकारीसाठी राखलेलं होतं. 1958 साली ते गव्यांसाठी अभयारण्य झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. 1985 साली हद्द वाढवून ते 351 चौरस किलोमीटरचं केलं. बंदुका थांबल्या, गवा टिकला, हेही खरं. म्हणजे जंगल कागदावर आहे तिथंच आहे आणि गवाही आहे. गेला तो या दोघांच्या आणि तुमच्या घराच्या मधला पट्टा, आणि तो कुठल्याच नकाशावर जंगल म्हणून नव्हता.

गावातल्या कुणाही सत्तरी ओलांडलेल्या माणसाला विचारा, वरून खाली रान कसं होतं ते. वर झाडी, मग सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. सड्याखाली उतारावर कुमरीची (झाडं तोडून-जाळून केलेल्या फिरत्या शेतीची) जुनी पड, तिच्यात माणूसभर गवत. मग गायरान, मग लोकांची मालकीची गवताची रानं, जिथं दिवाळीनंतर विळे घेऊन अख्खं घर गवत कापायला जायचं. त्याखाली नाचणी, वरी, आणि तळाला ओढ्याकाठी भात. भात निघालं की पुढच्या पावसापर्यंत या सगळ्या पट्ट्यात हिरवं म्हणून काही उभं नसायचं. गवा पावसाळ्यात कधीमधी नाचणीला तोंड लावायचा, राखणदार माचावरून डबा वाजवायचा, झालं. डिसेंबरनंतर खाली येण्यासारखं त्याला काही उरतच नव्हतं.

मग पाणी वर चढलं. आपल्या जिल्ह्याच्या नावानं ओळखले जाणारे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे नदीनदीवर झाले. पाऊस सरला की बरगे, म्हणजे बंधाऱ्याच्या फळ्या, घालायच्या, पाणी अडवायचं, पाऊस यायच्या आत बरगे काढायचे. त्या पाण्यावर उपसा योजना आल्या, पाइपलाइन उतारावर चढल्या, आणि जिथवर पाइप गेला तिथवर ऊस गेला. यात मी कुणाला दोष देत नाही. नाचणीच्या रानात पोट भरत नव्हतं, पोरं मुंबईच्या गिरणीत जात होती, उसानं ती थांबवली. पण आता गव्याच्या बाजूनं बघा. ऊस हे गवतच आहे. 10-12 फूट उंच, गोड, सावली देणारं, सरीत पाणी उभं असलेलं गवत, आणि ते नेमकं फेब्रुवारी ते मे या काळात हिरवं, जेव्हा वर सड्यावर काडीही ओली नसते. गवताच्या शोधात फिरणाऱ्या टनभर वजनाच्या जनावराच्या वाटेत आपण हे आणून ठेवलं. त्याला काही तो घुसखोरी म्हणत नसणार.

2021 च्या डिसेंबरात गवा थेट कोल्हापूर शहराच्या हद्दीत आला होता, ते अनेकांना आठवत असेल. गवा शहर बघायला आला नव्हता. पंचगंगेच्या काठानं जवळजवळ सलग ऊस आहे, तो उसातून उसात चालत आला आणि ऊस संपला तिथं शहर लागलं. मग गर्दी, मोबाईल, आरडाओरडा. त्याच दिवसांत शहराजवळच्या एका गावात एका तरुणाचा जीव गेला. गवा गाईसारखा दिसतो म्हणून लोक जवळ जातात. तो अंग आडवं करून, पाठीची कमान उंच करून उभा राहिला की तो पोज देत नसतो, तुम्हाला शेवटचं सांगत असतो.

आता वरच्या बाजूचं. गवा खाली येतो याचं अर्धं कारण खाली आहे, अर्धं वर, आणि वरचं बरंचसं आगीचं आहे.

"जाळलं की गवत चांगलं येतं" हे तुमच्याकडंही म्हणत असतील. ते पहिले काही आठवडे खरं दिसतं, म्हणूनच ते मोडून काढणं अवघड जातं. जळलेल्या ठिकाणी दवावर कोवळे कोंब येतात, गुरं धावतात. पण दरसाल जाळत गेलात की मऊ गवताचं बी संपतं आणि आगीला दाद न देणारं कुसळी गवत उरतं, जे कोवळं असतानाच जनावर खातं, पुढं त्याच्या कुसळांनी तोंड फाटतं. कडेकडेनं रानमोडी हे तण शिरतं, त्याला तर कुणीच तोंड लावत नाही. पहिल्या वळवाला राख आणि माती दोन्ही ओढ्यात. आणि फेब्रुवारी ते एप्रिल हाच रानकोंबडीचा अंडी घालायचा काळ असतो, टिटवीही मार्चपासून जमिनीवरच अंडी मांडते. मी जळालेल्या उतारावर चालताना रानकोंबडीची अंडी बघितली आहेत. शेजारच्या गारगोट्यांसारखीच काळी झालेली, हातात घेतली तर हलकी.

एकदा डोंगर जळाला की गव्याला दोन-तीन आठवडे वर काहीच नाही. तो त्याच रात्री उतरतो. वणवा लावणारा एका शिवारातला असतो आणि गवा उतरतो दुसऱ्याच्या उसात, त्यामुळं काडी टाकणाऱ्याला कधी हिशेब लागतच नाही.

आमच्याकडूनही चुका झाल्या, एक माझी सांगतो. नोकरीत नवा असताना एका सड्याच्या उतारावर झाडं लावायच्या कामावर मी देखरेखीला होतो. कागदावर ती 'पडीक, उजाड' जागा होती. दीड दीड फुटाचे खड्डे काढून आम्ही ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली. जगली, भराभर वाढली, शाबासकी मिळाली. ज्याच्या वाड्यासमोरची ती जागा होती तो गवळी धनगर म्हातारा मला म्हणाला होता, "साहेब, झाडं लावालाय खरं, पर म्हशीनं आन् गव्यानं खायाचं काय?" मी हसलो होतो. 12 वर्षांनी बदली होऊन परत त्याच भागात आलो तेव्हा त्या लागवडीखाली फिरलो. खाली न कुजलेल्या पानांचा चामड्यासारखा थर, गवताची एक काडी नाही, गव्याचं शेण नाही, ससा नाही. बाहेरच्या मोकळ्या पट्टीत मात्र खुरांचे ठसे होते. म्हातारा तोवर गेला होता.

हे मुद्दाम सांगितलं, कारण अजूनही पावसाळा आला की मंडळी उत्साहानं सड्यावर झाडं लावायला निघतात. सडा उजाड नसतो. जांभ्या दगडाचा तो पठारी थर पावसाळाभर पाणी पितो आणि पुढं महिनोनमहिने खालच्या झऱ्यांना सोडतो. जूनमध्ये काळाकुळकुळीत दिसणारा दगड सप्टेंबरात 'सीतेची आसवं' म्हणतात त्या फुलांनी निळा होतो. 2009 साली दाजीपूरच्या रानातून एक बोटभर पाल विज्ञानाला नवी म्हणून नोंदली गेली, तिला कोल्हापूरचंच नाव मिळालं. आपल्या शिवाजी विद्यापीठाच्या बागेत खरतुडीच्या, म्हणजे कंदीलफुलांच्या, दुर्मीळ जाती जपल्या आहेत, त्यांतल्या कित्येकींची मूळ घरं असलेच सडे आणि कडे. शाहूवाडी, राधानगरी, चंदगडमध्ये बॉक्साइट निघतं ते याच थरातून. खाण संपल्यावर खड्डा भरून वर रोपं लावता येतात, पण दगडाचा तो स्पंज परत बसवता येत नाही. खालच्या वाडीचा झरा मार्चमध्येच बसला की माणसाला टँकर येतो, गवा मात्र तुमच्या सरीवर येतो.

धनगरवाड्यांचं अजून एक. म्हशी चरून चरून सड्याभोवतीचं गवत खुलं ठेवत होत्या. वाडे उठले, पोरं शहरात गेली, म्हशी कमी झाल्या, आणि काही ठिकाणी ती कुरणं झुडपांनी भरून आली. चराई म्हणजे नासाडी असं आम्हाला शिकवलं होतं. अती झाली की नासाडीच, पण अजिबात बंद झाली की कुरण कुरण राहत नाही हे मला नोकरीच्या शेवटी शेवटी कळलं. अभयारण्यात सावराई सड्यासारख्या जागा जेव्हा जेव्हा मोकळ्या आणि गवताळ असतात, तेव्हा गवे तिथं दिसतात. त्यासाठी झुडपं काढणं, जाळरेषा (आग अडवायचे मोकळे पट्टे) वेळेत मारणं, आणि पाणवठे हद्दीजवळ न करता खोल आत करणं ही कामं लागतात. हद्दीजवळचा पाणवठा बघायला सोपा आणि टँकरनं भरायला सोपा, म्हणून तिथं होतो. पण तो जनावराला तुमच्या बांधावर आणून बसवतो. ग्रामसभेत बोलायची वेळ आली तर कुंपणाच्या आधी हे मागा.

बिबट्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी डोंगरकडेला ऊस करणाऱ्याला तो टळत नाही. गवा उसात जेवायला येतो, बिबट्या राहायला. पावसाळ्यातली आडसाली लागण 16-18 महिने रानात उभी, शेजारी नंतर लावलेला पूर्वहंगामी ऊस, पलीकडं तोडलेल्या बुडख्यांना फुटलेला खोडवा. एक फड तुटला तरी बाजूचा उभाच असतो. त्यात गावाच्या कडेला टाकलेली कोंबडीची आतडी, त्यावर वाढलेली कुत्री. मादी तिथंच वीते. उसात जन्मलेल्या बिबट्याला जंगल म्हणजे काय ते ठाऊकच नसतं, त्याला पकडून जंगलात सोडा म्हणणं म्हणजे इचलकरंजीतल्या माणसाला घाटात नेऊन सोडण्यासारखं. जुन्नर भागात 2001 नंतर असे बरेच बिबटे पकडून लांब सोडले होते. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा दिसलं की सोडलेल्या जागांच्या आसपास माणसांवरचे हल्ले वाढले.

पन्हाळा तालुक्यातला एक जानेवारी सांगतो. दुपारी चारला फोन आला, फडात दोन पिल्लं सापडली. ऊसतोड टोळीतल्या एका बाईनं मोळी उचलायला हात घातला तर पाल्याखाली फुरफुर झाली. आम्ही पोचेपर्यंत एका पोरानं एक पिल्लू शर्टात घेऊन फोटो काढून घेतले होते. मांजराएवढी, डोळे उघडलेले पण अजून निळसर. सगळे म्हणाले, घेऊन जावा. न्यायची नव्हती. मालकाला म्हटलं, राहिलेला 5-6 गुंठ्यांचा तुकडा आज तोडू नका. तो तोंड वाकडं करून म्हणाला, "गाडी भरायची हाय ओ, ही काय मला भरपाई देनार हाय व्हय?" टोळीच्या मुकादमानंच त्याला समजावलं. भाजीचा प्लास्टिकचा क्रेट आणला, तळाला त्याच सरीतला पाला घातला, पिल्लं ठेवली, होती त्याच जागी. कॅमेरा बांधला, माणसं घरी पाठवली आणि आम्ही लांब गाडीत दिवे मालवून बसलो. कॅमेऱ्यात नंतर दिसलं: पावणेदहाला मादी आली, क्रेटभोवती दोनदा फिरली, पंजानं तो कलंडवला, एकाला मानेला धरून गेली. मग जवळजवळ पाऊण तास काही नाही. दुसरं पिल्लू क्रेटच्या तोंडाशी बसून ओरडत होतं. मग ती परत आली. सकाळी मालक स्वतः क्रेट घेऊन गाडीपाशी आला, काही बोलला नाही, चहा मात्र पाजला. ती पिल्लं आम्ही नेली असती तर चवताळलेली आई त्या शिवारात आठवडाभर फिरली असती, आणि रात्री पाणी पाजायला तिथं तोच मालक असता.

आता तुमची 3 एकर.

ऊस करू नका. पाणी असलं तरी करू नका. तुमच्या खालच्या उसाची राखण आत्ताच होत नाही, हद्दीला लागून अजून 3 एकर म्हणजे गव्यांना पायरी बांधून दिल्यासारखं. काजू लावायला माझी ना नाही, पण चंदगड-आजऱ्याकडं करतात तसं जेसीबी घालून, झाड न् झाड काढून, बांध सपाट करून नको. जागेवर जुना बेहडा, जांभूळ, सातवीण असेल तर राहू दे. ठेकेदार बेहड्याला चांगला पैसा सांगेल. धनेश मात्र अशाच जुन्या झाडाच्या ढोलीत घर करतो, मादी स्वतःला आत कोंडून घेते आणि नर महिनोन्‌महिने फळं आणून भरवतो. ढोलीचं झाड तयार व्हायला शंभर वर्षं लागतात, तोडायला एक सकाळ.

हद्दीकडची 15-20 मीटरची पट्टी गवताला सोडा. जाळायची नाही, दिवाळीनंतर कापायची, वैरण विकली जाते. कापलेली पट्टी आगीलाही अडवते, वरून वणवा आला तर तुमचा काजू वाचतो. मधे काजू, पण अंतर जास्त ठेवा, अधूनमधून कोकम, हिरडा घाला. बोंडं झाडाखाली कुजत ठेवू नका, डुक्कर आणि साळिंदर त्यांच्या वासावर येतात. फणस हद्दीला नको, तुमच्याकडं हत्ती नसला तरी आजऱ्याकडच्या लोकांना विचारा. 2002 नंतर कर्नाटकातून हत्ती दोडामार्गात उतरले आणि पुढं चंदगड-आजऱ्यात आले, तेव्हापासून फणस आणि केळी म्हटलं की त्यांच्या पोटात गोळा येतो. सगळ्यात खाली, तुमच्या उसाला लागून, हळद, आलं किंवा मिरची. गवा त्यांना सहसा तोंड लावत नाही. डुकरांची हमी मी देत नाही.

पैशात हे उसाची बरोबरी करणार नाही, ते मान्य. पण हिशेब करताना गव्यानं तुडवलेला ऊस, राखणीच्या रात्री आणि डोंगराच्या उतारावर पाणी चढवायचं वीजबिल धरून करा. अनेकजण हे तिन्ही धरत नाहीत.

दुसरं म्हणजे, हद्दीवरच्या अशा पट्ट्या एकट्या तुमच्या कामाच्या नाहीत. तिलारी, राधानगरी, चांदोली ही जंगलं म्हणजे जनावरांची एकच वाट आहे. 2022 मध्ये राधानगरीत कॅमेऱ्यात आलेला वाघ 2023 च्या डिसेंबरात चांदोलीत दिसला. मधली वाट सगळी अभयारण्यातून जात नाही, ती मालकीच्या रानांतून, देवरायांतून, तुमच्यासारख्यांच्या पडीतून जाते.

सौर कुंपणाचं अनुदान मिळतं, घ्या. पण एकट्यानं लावलंत तर गवे शेजाऱ्याकडं वळतील आणि तुमचं भांडण होईल; वाडीतल्या सगळ्यांची हद्द एका ओळीत घ्या. आपल्या पावसात जुलैपासून तारेखालचं गवत तारेला टेकतं आणि झटका जमिनीत उतरून जातो. दर 15 दिवसांनी खालचं गवत काढणारा माणूस ठरलेला नसेल तर ते मशीन शोभेला राहतं. मेन लाईनवरून तार ओढायचा विचार मनात आला असेल तर काढून टाका. त्या तारेवर गवा मेला तर गुन्हा आहे, आणि त्याच तारेवर रात्री मोटर चालू करायला गेलेला घरचा माणूस मेलेला मी पंचनाम्यात बघितला आहे.

नुकसान झालं की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी अर्ज करा. ठसे आणि शेण यांचे फोटो काढा, शेजारी हाताची वीत किंवा विळा ठेवून, म्हणजे माप कळतं. ई-पीक पाहणीत (सातबाऱ्यावरच्या पिकाच्या मोबाईलवरच्या नोंदीत) त्या गटावर ऊस लागलेला असला पाहिजे. कागदावर पड आणि रानात ऊस असेल तर पंचनामा करणाऱ्याचे हात बांधले जातात.

शेतीची लाईट बऱ्याचदा रात्रीची असते हा यातला सगळ्यात वाईट भाग आहे, आणि तो जंगलाच्या कुठल्याच योजनेत लिहिलेला नसतो. रात्री एकट्यानं जाऊ नका, सरीच्या तोंडाशी उभं राहून आधी खाकरा, बॅटरी जमिनीवर न मारता समोर मारा. डोंगरकडेच्या गावांना दिवसाची लाईट द्या ही मागणी लेखी करा, वाडीच्या सह्यांनी.

आणि फड तोडताना गावाच्या बाजूनं सुरुवात करून डोंगराकडं तोडत जा, चारी बाजूंनी गोल करत आत नको. आत गवा असो की बिबट्या, त्याला पाठीमागं रान मोकळं दिसलं की तो जातो. चौफेर पाला पेटवून फड तोडायची पद्धत तर अजिबात नको. हे मुकादमाला टोळी उतरायच्या आधीच सांगून ठेवा. एकदा गाड्या लागल्या की तो कुणाचं ऐकत नाही.